झाडकुठाय मास्तर

झाडकुठाय मास्तर शिवी फार शुद्ध द्यायचे. आमच्या मोशीत तेव्हा शिव्यांची टंचाई नव्हती. बैलापासून व्याह्यापर्यंत सगळ्यांना पुरून उरतील एवढ्या होत्या, पण त्या साऱ्या कुणाच्या ना कुणाच्या आईवरून निघायच्या. मास्तरांच्या शिव्या रानातून यायच्या. पाटलांचा पोरगा शेजाऱ्याच्या पाटीवरून गणितं उतरवायचा, तो बांडगूळ. वाण्याचा मुलगा कितीदाही मागं पाठवला तरी पुन्हा पुढच्या रांगेत उगवायचा, तो हरळी. मी घाणेरी. घाणेरीचं झुडूप ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. "वरून रंगीत फुलं, आत नुसता काटा, आणि शेळीसुद्धा तोंड लावत नाही," अशी फोड मास्तरांनी सगळ्या वर्गापुढे करून सांगितली होती. मी घरी येऊन आरशात पाहिलं आणि त्यातलं रंगीत फुलांचं तेवढं खरं मानलं. अशी मी हुशार.

तण, वेली, काटेरी झुडपं, एवढ्यावरच त्यांची शिवी थांबायची. झाडाच्या वाटेला ती कधी गेली नाही. एकदा मधल्या सुट्टीत एका पोरानं दुसऱ्याला 'बाभळीचं खोड' म्हटलं, तर मास्तरांनी म्हणणाऱ्याच्या कानाखाली जाळ काढला. "बाभळीनं तुझं काय घोडं मारलंय रे? तिला ह्या गाढवाच्या पंगतीला का बसवतोस?" ज्याला शिवी मिळाली होती तो आधी खूश झाला, मग गाढव कोण हे त्याच्या ध्यानात आलं.

गावाला मास्तर नकोसे होते आणि मास्तरांना गाव. त्या दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत होतं. चित्रकला आणि इतिहास शिकवायला त्यांची आमच्याकडे बदली झाली, ती शिक्षा म्हणून झाली असं ते स्वतःच सांगायचे. शिक्षा त्यांना की आम्हाला, हे सांगायचे नाहीत. उंच, वाळकी अंगकाठी, करड्या मिशा, पाऊस असो नसो बगलेत छत्री. कुणी नमस्कार केला तर "हं" म्हणायचे. कुणी नमस्कार केला नाही तर थांबून त्याचं कारण विचारायचे.

त्यांचं खरं नाव गावात कुणी घेत नसे. हे टोपणनाव पडलं ते आमच्या सातवीच्या वर्गात, आणि त्याला कारण एक गुहा.

मास्तर तरुणपणी सातपुड्यातल्या गुहांमध्ये राहिले होते. गुहांच्या भिंतींवर फार फार जुनी चित्रं आहेत, शेती नव्हती, गावं नव्हती, देवळं नव्हती त्या काळातली. ती बघायला साहेब लोक यायचे आणि त्यांची हुबेहूब नक्कल कागदावर उतरवायला मास्तरांना पगारावर ठेवलं होतं. पुढं प्रवरेकाठी मातीच्या टेकाडांतून जुनी मडकी निघाली, त्यांच्यावरची नक्षी उतरवायलाही मास्तरच होते. मग साहेबाशी भांडले. साहेब चित्राला नुसती 'नक्षी' म्हणाला, मास्तरांनी साहेबाला निवडुंग म्हटलं, आणि नोकरी गेली. ते भांडण त्यांनी जन्मभर पुरवून वापरलं. सकाळी आमच्यावर काढायचे, दुपारी मुख्याध्यापकांवर.

तर त्या दिवशी त्यांनी फळ्यावर गुहा काढली. गव्यांचे कळप, हरणं, हत्ती, धनुष्य ताणलेली माणसं, हातात हात घालून नाचणाऱ्या बाया. फळा नुसता धावायला लागला. आणि खडू खाली ठेवून एकदम ओरडले, "झाड कुठाय?"

आम्ही सगळे फळ्यावर झाड शोधायला लागलो.

"ही माणसं झाडाखाली जन्मली, झाडाचं खाल्लं, झाडाची साल गुंडाळली, झाडावर झोपली. आणि भिंतीवर सगळी जनावरं काढली. झाड कुठाय? एखादं दुसरं सापडतं, तेही मधाचं पोळं काढणाऱ्याला चढायला काहीतरी पाहिजे म्हणून. बोल बांडगुळा, का?"

बांडगुळाला काय येणार? हरळी म्हणाला, झाडं काढायला अवघड असतात. त्याला छत्रीचं टोक बसलं. मग माझी पाळी. मला उत्तर येत नव्हतं, पण उत्तर येत नसताना बोलायची हौस दांडगी. मी म्हटलं, "मास्तर, त्यांच्याकडं हिरवा रंग नसंल."

वर्ग खो खो हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी मला तास संपेपर्यंत उभं केलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकातच अडवून विचारलं, "तो हिरव्या रंगाचा विचार तुझा, की घरून आणलास?"

"माझाच."

"मग तर फारच वाईट. विचार करता येतो आणि करत नाहीस."

माझ्या आयुष्यातली ही पहिली शाबासकी. तेव्हा मला ती शिवीच वाटली आणि मी मनातल्या मनात मास्तरांना मोजून परत केली.

त्यांचं स्वतःचं उत्तर वेगळं होतं. ते म्हणायचे, रानातल्या माणसानं झाड काढलं नाही, कारण झाड समोर उभं होतं. पळून जाणाऱ्याचं चित्र काढतात, उभ्या असलेल्याचं कशाला? झाड चित्रात पहिल्यांदा मनासारखं आलं ते शेतकऱ्याच्या मडक्यावर. म्हणजे ज्यानं कुऱ्हाड घेतली, रान मोडून वावर केलं, त्यानंच घरी येऊन मडक्यावर झाड रंगवलं. सिंधमधल्या जुन्या शहरांत एक मुद्रा सापडली, तिच्यावर पिंपळाच्या कमानीत देवी उभी आहे. "शहर झालं, पिंपळ तुटले, आणि मग ह्यांना पिंपळात देवी दिसली! आधी पाडायचं, मग पुजायचं. कल्पवृक्ष म्हणे. जगातली सगळी पवित्र झाडं हे अपराध्यांचं काम आहे, लक्षात ठेवा." मग त्यांनी मडक्यावरचं ते झाड फळ्यावर काढून दाखवलं. एक उभी रेघ, दोन्ही बाजूंना तिरप्या रेघा.

इंद्रायणीत पाय टाकून वाढलेली पोरं आम्ही. सगळे एका सुरात ओरडलो, "मास्तर, ह्ये तर माशाचं काटं!"

"जे पोटात तेच डोळ्यात," मास्तर म्हणाले आणि फळा पुसून टाकला.

दसऱ्याला तर ते गावाशी उघड वैर धरायचे. सोनं लुटायला माणसं आपट्याकडं निघाली की मास्तर छत्री उगारून आपट्यापुढं उभे. संध्याकाळी लहानथोर सोनं द्यायला जायचे, तर प्रत्येकाला एकच वाक्य, "झाडाला परत चिकटवून या, मग सोन्यासारखे राहू." एका वर्षी मी मुद्दाम दोन्ही हात भरून पानं नेली आणि त्यांच्या उंबऱ्यावर ओतून पळाले. मागून हाक आली, "घाणेरी!" मला वाटलं, जिंकले. दुसऱ्या दिवशी शाळेत बघते तर ती सगळी पानं माझ्या जागेवर, आणि मास्तर म्हणतात, "ह्याचं झाड करून दाखव. तोवर बसायचं नाही." मी उभीच राहिले. त्यांनी ते वर्षअखेरच्या शेऱ्यात 'उभं राहण्याचा चांगला सराव' असं नोंदवलं.

आणखी एक खोड होती. कुणाच्याही घरी जाऊन विचारायचे, "तुमचं देवक कोणतं?" ज्यांच्या घरी अजून लग्नं जुन्या रीतीनं होतात त्यांना देवक माहीत आहे. प्रत्येक कुळाचं एक झाड. लग्नाच्या आदल्या दिवशी एक मेहुण वाजतगाजत जाऊन त्या झाडाची फांदी आणतं, मांडवाच्या मेढीला बांधतं, तिची पूजा होते आणि मगच हळद लागते. आपल्या देवकाचं झाड आपण तोडायचं नाही, जाळायचं नाही. आमचं देवक कळंब. आणि आमच्या घराण्याचा आणखी एक हट्ट असा की फांदी गावच्या शिवेच्या आतलीच लागते. शिवेत कळंब एकच होता, आमच्या घराकडं वळणाऱ्या पाणंदीच्या तोंडाशी.

मास्तर विचारायला आले तेव्हा ओट्यावर माझी आत्या बसलेली. आबांची, म्हणजे माझ्या वडलांची, थोरली बहीण, विधवा, घरातले सगळे कुळाचार तिच्या मुठीत. ती म्हणाली, "आमचं देवक इचारनारे तुमी कोन? सोयरीक करायचीय व्हय?"

"तुमच्या घराशी? त्यापेक्षा मी निवडुंगाशी करीन."

"करा की. त्यो तरी तुमाला टोचंल, आमास्नी टोचाया कशापायी येताय?"

तरी जाताना आत्यानं त्यांना कळंब कुठला ते बोटानं दाखवलं. वैर होतं, पण कुळाच्या झाडाची कुणी चौकशी केली तर ती खोटं बोलणारी नव्हती. मास्तर त्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. परत येऊन म्हणाले, "तुमच्या देव्हाऱ्यातले सगळे देव ह्याच्यानंतरचे. हा तुमचा पहिला देव." आत्या म्हणाली, "आता त्ये बी तुमीच सांगा."

मग माझं लग्न ठरलं. शाळा सुटून वर्ष-दोन वर्षं झालेली. मुलगा निघोज्याचा, पिंपरीच्या नव्या कारखान्यात फिटर. तेव्हा फिटर म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण ज्याअर्थी बाकीच्या पोरींचे नवरे शेतात जात होते आणि माझा शिफ्टला जाणार होता, त्याअर्थी तो मामलेदाराच्या जरा खालचा आणि फौजदाराच्या जरा वरचा असणार, असं मी पाणवठ्यावर सांगत सुटले होते. त्यात सासरे म्हणाले, "वऱ्हाड बैलगाडीत न्हाई येनार. टरकातनं येनार. आन् दारात उतरनार." ट्रक! मी आठ दिवस जमिनीवर पाय टेकवून चालले नाही. जिला तिला सांगायची, "आमच्या दारात ट्रक येनार." नवऱ्याचं नाव सांगायला लाजायचे, ट्रकचं नाही.

ट्रक दारात यायचा म्हणजे पाणंदीतून यायचा. आणि पाणंदीच्या तोंडाशी वळणावर कळंब. बुंधा वाटेत आलेला, एक थोरली फांदी आडवी, माणसाच्या डोक्यावरून जरा वर. ट्रक तिथं वळणं शक्य नव्हतं. वऱ्हाड सडकेवर उतरवलं असतं तर काही बिघडत नव्हतं, पण मग सगळ्या गावात मी कुठल्या तोंडानं फिरले असते? आबांनी कळंब पाडायचं ठरवलं.

लग्नाच्या काही दिवस आधी कुऱ्हाडवाले आले. मास्तर आधीच हजर. कळंबाला पाठ लावून उभे, छत्री आडवी धरलेली.

"मास्तर, बाजूला व्हा," आबा म्हणाले. "मानसांचा खोळंबा हुतोय."

"हे तुमचं देवक आहे."

"त्ये मला म्हाईत हाय. म्हनून तर मी कुऱ्हाडीला हात लावला न्हाई. मानसं चाकनची हायेत, त्येंचं देवक येगळं. आन् मी पाठ फिरवून हुबा ऱ्हानार. मग दोष लागत न्हाई."

"असं कुणी सांगितलं?"

"मीच इचार केला."

"तिथंच घात झाला," मास्तर म्हणाले.

"मास्तर, झाड माझ्या बांधावर हाय."

"झाड तुमचं नाही. तुम्ही झाडाचे आहात. तुमच्या पूर्वजांना आडनाव नव्हतं तेव्हा लोक त्यांना ह्या झाडावरून ओळखत असतील."

"असतील! म्हंजी तुमाला बी नक्की म्हाईत न्हाई."

जमलेली माणसं हसली. मी सगळ्यांत मोठ्यानं. आबांनी खूण केली, तशी दोन माणसांनी मास्तरांना दोन्ही दंडांना धरून अलगद उचललं आणि बांधापलीकडं नेऊन ठेवलं, टोपलं ठेवावं तसं. तिथून ते ओरडत राहिले. त्या दिवशी रानातली एकही वनस्पती त्यांनी शिल्लक ठेवली नाही. आबा पाठ फिरवून उभे. मी बांधावर बसून शेंगा खात होते. झाड पडलं तेव्हा उजेड एकदम अंगावर आला आणि मी म्हटलं, "आता दिसतंय बघा, ट्रक कसा वळंल ते." मास्तरांनी फक्त माझ्याकडं पाहिलं. शिवी नाही, काही नाही. माझं चुकलंच, मी ते कौतुक समजले.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी हलगी वाजायला लागली. माझा चुलतभाऊ आणि भावजय नवी वस्त्रं नेसून, गाठ मारून, ताट घेऊन देवक आणायला निघाले. आत्या पुढं. पाणंदीच्या तोंडाशी जाऊन हलगी थांबली. ती बराच वेळ पुन्हा सुरू झालीच नाही. मग आत्याचा आवाज घरापर्यंत आला, "अरं आबा! फांदी कशाची आनायची रं आता?"

खरं सांगते, एवढ्या मोठ्या घरात ही गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नव्हती. वऱ्हाडाला वाट करायची म्हणून ज्याच्यावाचून लग्न लागत नाही तेच आम्ही पाडून बसलो होतो. बुंधा चाकणच्या वखारीत गेलेला. फांद्या? फांद्या आचाऱ्यांनी जेवणाच्या चुलाणाला लावल्या होत्या. दोन दिवस त्यावर बुंदी पडत होती. आत्या धावत चुलाणाकडं आली, तिथली राख बघितली आणि मटकन खाली बसली. "देवक जाळून लाडू केलं रं ह्येंनी!" त्याच वेळी माझे सासरे ओट्यावर बसून त्यातलाच लाडू खात होते. ते ट्रक घेऊन आले होते, वळतो का ते बघायला. वळला होता. दारात उभा होता. हाती राहिलेला अर्धा लाडू त्यांनी हळूच ताटात ठेवला.

"व्याही," ते आबांना म्हणाले, "ह्ये बरं न्हाई. देवक न्हाई तर हळद न्हाई, हळद न्हाई तर अक्षता न्हाईत. बिनदेवकाची पोरगी मी घरात न्हेली तर आमच्या भावकीत मला कोन हुबं करंल?"

"दुसऱ्या गावची फांदी आनतो. आत्ता सायकल पाठवतो."

"शिवंभायरची?" आत्या गरजली. "मी जिती असूस्तोवर?"

हळद वाटून झाली होती, वाटीत सुकत चालली होती. कुणी म्हणालं लग्न पुढं ढकला. पुढं ढकलून झाड कुठून येणार होतं? ट्रक दारात आला नि लग्न दारातून चाललं, अशी माझी गत. शेवटी माझी आई, जी चार माणसांत कधी बोलायची नाही, ती म्हणाली, "वटपुनवंला जिला वडाकडं जायाला हुत न्हाई ती पाटावर वड काढून पुजते. मग कळंब भिताडावर काढला तर?"

आत्यानं विचार केला. बराच केला. मग म्हणाली, "वडाला चालतंय तर कळंबाला का न्हाई चालनार? पर झाड झाडावानी पायजे. आपल्याच कळंबावानी पायजे." सासरे म्हणाले, तसं होत असेल तर आमची हरकत नाही.

आणि गावात चित्र काढणारा माणूस एकच.

आबा डोक्याचा पटका सारखा करून मास्तरांकडं गेले. परत आले ते पटका हातात घेऊन. मास्तर म्हणाले होते, "आधी कुऱ्हाड, मग चित्र. पहिल्या शेतकऱ्यानं हेच केलं आणि तुम्हीही तेच करताय. आज मी भिंतीवर कळंब काढला की उद्या गावातलं प्रत्येक झाड पाडायला तुम्ही मोकळे. भिंतीवर आहे की, म्हणाल. मी नाही." आबांनी पाय धरले. मास्तरांनी पाय काढून घेतले.

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, मास्तर गेला खड्ड्यात. चुलीशेजारी गेरूचं गाडगं होतं, ते उचललं, एका काडीला चिंधी गुंडाळली आणि ओसरीच्या भिंतीवर मीच कळंब काढायला घेतला. चित्रकलेत मला मास्तरांनी कधी पास केलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. मी एक उभी रेघ ओढली, दोन्ही बाजूंना तिरप्या रेघा मारल्या, त्यांना पानं लावली. मागं सरून बघितलं तर मलाच ते फार सुंदर वाटलं.

"हौसे," आत्या म्हणाली, "ह्ये झाड हाय का खराटा?"

पोरं हसायला लागली. सासऱ्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. मी रडायला लागले आणि रडत रडत आणखी पानं काढायला लागले. ही बातमी पोरांनी शाळेपर्यंत नेली असणार, कारण थोड्याच वेळात दारात छत्री वाजली.

मास्तर मदतीला आले नव्हते. नाचक्की बघायला आले होते. उंबऱ्यातूनच ओरडले, "कळंबाची पानं समोरासमोर असतात, घाणेरी! एकाआड एक काढतेस? डोळे आहेत की खोबण्या?"

मी काडी त्यांच्यापुढं फेकली. "मग तुमीच दावा!"

त्यांनी काडी उचलली, एक पान नीट केलं. मग त्याच्या समोरचं. मग म्हणाले, हा बुंधा म्हणायचा की काठी, आणि बुंधा पुसून नवा ओढला. चिंधी टाकून बोटंच गेरूत बुडवली. क्षणभर आपल्या लाल बोटांकडं बघत थांबले आणि स्वतःशीच बोलले, "त्यांच्याकडेही हाच रंग होता." बुंधा पाणंदीकडं झुकला, थोरली फांदी आडवी झाली, तिच्यातली ढोली आली, चेंडूसारखी गोल फुलं आली. आठ दिवसांपूर्वी जे पडलं ते ओसरीच्या भिंतीवर पुन्हा उभं राहिलं. हलगीवाला, आचारी, ट्रकचा डायवर, सगळे हातातली कामं टाकून ओसरीपुढं जमले. आबा पाठ फिरवून उभे होते, ते वळले आणि हात जोडून रडायला लागले.

आत्यानं हळदीकुंकवाचं ताट पुढं आणलं तसे मास्तर बाजूला झाले. मी म्हटलं, "मास्तर, माज्यासाठी..."

"तुझ्यासाठी नाही," ते म्हणाले. "लोक खराट्याला नमस्कार करतील, ते मला बघवलं नसतं." आणि जेवायला न थांबता गेले. दुसऱ्या दिवशी ट्रक वाजतगाजत आला, वऱ्हाड दारात उतरलं, आणि माझं लग्न लागलं. परतताना त्याच ट्रकमध्ये मला निघोज्यापर्यंत उलट्या झाल्या, ते पाणवठ्यावर सांगायचं राहून गेलं.

मास्तर म्हणाले होते ते खरं व्हायला वर्षही लागलं नाही. सडकेकडंच्या एका घरानं शेड टाकायला आपला उंबर पाडला. भिंतीवर काढून घेऊ, म्हणाले. मास्तरांनी नकार दिला तर पिंपरीहून पाट्या रंगवणारा आणला. मग दुसऱ्या एका घरानं शमी पाडली. लोक आमच्या ओसरीत येऊन कळंब बघून जायचे आणि घरी जाऊन कुऱ्हाडीला धार लावायचे.

नागपंचमीला मी माहेरी आले होते. दुपारी दारात मास्तर. एका हातात चुन्याची बादली, दुसऱ्या हातात कुंचला. बदली झाली होती, संध्याकाळच्या एस्टीनं जाणार होते.

"ते चित्र पुसायचंय," ते म्हणाले.

"कुनी?" आत्या म्हणाली.

"मी. माझं आहे ते. मी काढलंय."

"चपला काढा आदी."

मास्तर थबकले. त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि भिंतीपुढं उभे राहिले. वर्षभरात कळंब बदलला होता. बुंध्यावर हळदीकुंकवाचे थर, पानांवर उदबत्तीचा धूर, खाली दिव्याचं तेल, आणि पोटुशी असलेल्या माझ्या भावजयीनं थोरल्या फांदीच्या बरोबर खाली लावलेली एक हिरवी बांगडी. आत्या कुंचल्याच्या आणि भिंतीच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"बाई, ती भिंत आहे," मास्तर म्हणाले. "माती आहे आणि गेरू आहे. मला ठाऊक आहे, मी माझ्या बोटांनी काढलंय."

"असंल. आता त्ये आमचं देवक हाय. तुमी आमाला सांगितलं न्हवतं का मास्तर, आमी झाडाचं हाय म्हनून?"

मास्तरांनी आयुष्यभर गुहा धुंडाळल्या, मडकी चिकटवली, साहेबाशी भांडले, ते एकाच गोष्टीसाठी. झाडाचा देव नेमका कुठं आणि कसा होतो ते कळावं म्हणून. तो आमच्या ओसरीत, त्यांच्याच हातून झाला होता आणि आता त्यांनाच हात लावू देत नव्हता. हातातला कुंचला ओला होता, चुना त्यांच्या अनवाणी पावलांवर टपटप गळत होता. मी त्यांना काहीतरी झोंबणारं बोलायचं ठरवलं होतं, वर्षभर घोकून ठेवलं होतं. तोंडाशी आलेलं मी गिळलं. ते वळले, दारात चपला पायात सरकवल्या आणि बादली तिथंच विसरून सडकेकडं निघून गेले. त्यांना निरोप द्यायला गावातलं कुणी गेलं नाही. मीही गेले नाही.

आत्या बादलीकडं बघत राहिली. चांगला भिजलेला, गाळलेला चुना. वाया कशाला घालवायचा? दुसऱ्या दिवशी पदर खोचून तिनं त्याच कुंचल्यानं सगळी ओसरी पांढरी केली, कळंबाच्या पानापानाच्या कडेनं, एकाही पानाला धक्का न लावता. आधी मातकट भिंतीवर तो जरा विरल्यासारखा दिसायचा. त्या पांढऱ्यावर असा लालभडक उठून दिसायला लागला की सडकेवरून जाणारी माणसं वाट वाकडी करून आत येऊ लागली, आणि आत येताना चपला बाहेर काढू लागली.